‘तेव्हा सगळे एका घरासारखे होतो’ – याच्या पुढे काय विचारायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा जन्म १९५१चा, लहानपण चेंबूरच्या हौसिंग बोर्डाच्या वसाहतीत गेलं. इमारत आता पुनर्विकासात पाडली जाणार, म्हणून शेजाऱ्यांच्या आणि गल्लीच्या आठवणी नोंदवून ठेवायला तुम्ही मोबाइल घेऊन त्यांच्यासमोर बसलात. पण आतापर्यंतच्या तिन्ही बैठकांत तेच ठरावीक तीन किस्से येतात आणि शेवट ‘तेव्हा सगळे एका घरासारखे होतो, आता ते राहिलं नाही’ याच वाक्याने होतो. पुढे काय विचारायचं, सांगितलेलं कितपत खरं धरायचं आणि शेजाऱ्यांची नावं लिहायची की नाही, हे तुम्हाला हवंय.

मी बरीच वर्षं हेच काम करते. मुंबईची उपनगरं आणि कल्याण-डोंबिवलीकडच्या ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या, उतरवायच्या, आणि घरच्यांना हवी असेल तर त्यांची छोटी पुस्तिका करून द्यायची. ‘एका घरासारखे’ हे वाक्य जिथे आलं नाही अशी बैठक मला आठवत नाही. ते खोटं असतं असं मुळीच नाही. पण तो निकाल आहे. साक्षीपुरावे वडिलांनी कधीच बासनात बांधून ठेवलेत, आणि तुम्ही ‘शेजारी कसे होते?’ असं विचारता तेव्हा ते पुन्हा निकालच वाचून दाखवतात. त्यात त्यांचाही दोष नाही. कोणालाही असा प्रश्न विचारला की उत्तर ‘चांगले होते’ असंच येणार.

माझा अनुभव असा की शेजाराबद्दल विचारायचं असेल तर प्रेमाबद्दल विचारू नये, व्यवस्थेबद्दल विचारावं. पाणी कसं भरायचे, चावी कोणाकडे असायची, दुधाचं कार्ड कोण घेऊन जायचं, निरोप कोण आणायचं. प्रेम त्यातून आपोआप बाहेर पडतं, आणि त्याच्याबरोबर भांडणंही. असं का, हे कळायला ती वस्ती कशी उभी राहिली ते थोडं पाहावं लागेल.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मुंबईत राहायला जागा नव्हती. युद्धकाळात गोदी, कारखाने, लष्करी पुरवठा यांच्या कामाला माणसं येतच राहिली होती. धान्याला १९४३ पासून रेशनिंग होतं. मग १९४७ मध्ये फाळणीची माणसं आली. कल्याणजवळची लष्कराची युद्धकालीन छावणी सिंधी निर्वासितांना दिली गेली आणि १९४९ मध्ये तिचं उल्हासनगर झालं. तिथले लोक आजही पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. चेंबूरला, मुलुंडलाही निर्वासितांचे कॅम्प झाले. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, तेव्हा भाड्याने द्यायला घरं बांधण्यात मालकांना रस उरला नाही. म्हणून सरकारच उतरलं. १९४८च्या कायद्याने हौसिंग बोर्ड आलं, १९५२ पासून औद्योगिक कामगारांच्या घरांसाठी केंद्राची अनुदानाची योजना आली. तिकडे महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत सरकली. शेतं, मिठागरं आणि दलदलीच्या मधोमध एकसारख्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. चेंबूरच्या पलीकडे माहुलला पन्नाशीच्या दशकाच्या मध्याला दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, तुर्भ्याला (म्हणजे ट्रॉम्बेला) अणुशक्तीचं केंद्र आलं. तुमच्या वडिलांना रात्री दिसणारी रिफायनरीची ज्योत नक्की आठवत असेल. विचारून पाहा, आणि वास कोणत्या वाऱ्याला यायचा तेही विचारा.

आता यातली माझ्या कामाची गोष्ट. गिरगाव-परळच्या जुन्या चाळींत माणूस बहुतेक वेळा ओळखीने यायचा. गाववाला गाववाल्याला आणायचा, गावकीच्या खोलीत वळकटी टाकायला जागा मिळायची. शेजार आधीच नात्याचा, जातीचा, निदान तालुक्याचा असायचा. बोर्डाच्या इमारतीत तसं नव्हतं. अर्ज, पगाराचा दाखला, मग वाटपात जो नंबर लागेल ती खोली. एका गॅलरीत मालवणचा फिटर, साताऱ्याचा हवालदार, तमिळ कारकून आणि सौराष्ट्रातून आलेला गुजराती दुकान-नोकर. कोणाचं कोणाशी काही नातं नाही, आणि नळ मात्र एक. म्हणजे ‘एका घरासारखं’ राहण्याचे नियम तिथे आयते आले नव्हते, ते त्या लोकांनी बसून, भांडून, रुसून ठरवले होते. आणि लहान मुलं त्या नियमांची अंमलबजावणी करणारी होती. रांगेत उभं कोण राहायचं? मुलंच. म्हणून वडिलांना हे सगळं माहीत आहे. त्यांना फक्त ते सांगण्यासारखं वाटत नाही.

अर्थात सगळीकडे हेच चालेल असं नाही. घरात नळ-संडास आत होते की मजल्यावर सामायिक, यावर फार अवलंबून असतं. बोर्डाच्या मध्यम उत्पन्न गटाच्या इमारतींत, जिथे प्रत्येकाची मोरी-संडास आत, तिथली माणसं शेजाराबद्दल बोलताना जिन्याबद्दल आणि मैदानाबद्दल बोलतात. बैठ्या चाळींतली माणसं नळाबद्दल बोलतात. विलेपार्ल्या-मुलुंडच्या बंगल्यांतल्या भाडेकरूंच्या मनात मालक हा मोठा विषय असतो, कुठल्या झाडाचे आंबे कोणाचे इथपासून. निर्वासित कॅम्पांच्या बॅरेकमध्ये वाढलेल्यांच्या सुरुवातीच्या वर्षांच्या आठवणी वेगळ्याच वाटेने जातात, कारण तिथे आदल्या घराचा विषय निघतो आणि मग गळा दाटतो. तिथे घाईने पाण्याच्या रांगेवर येऊ नये. तेव्हा आधी वडिलांकडून घराची रचना पक्की करून घ्या.

त्यासाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे नकाशा. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून द्या, जाड पेन द्या आणि मजला काढायला सांगा. तुम्ही काढू नका, त्यांच्याच हाताने काढू द्या. खोल्यांचे नंबर, दारं कुठे उघडायची, जिना, नळ, संडास, कोळशाची वखार, वाणी, पिठाची गिरणी. एका गृहस्थांनी माझ्यासमोर आपला मजला असा काढला, सहा दारं, सहा आडनावं, अगदी ठामपणे. त्यांच्या धाकट्या बहिणीने चहा ठेवता ठेवता कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, “दादा, सात. टोकाची खोली कुठे गेली?” ते थांबले. टोकाच्या खोलीत कुटुंब होतं, पण तिथली बाई कामाला जायची, नवरा सोडून गेलेला, आणि मुलांना त्या दारापाशी खेळायला मनाई होती. पन्नास-साठ वर्षांनंतरही ते दार कागदावर आलं नाही. पुढचा सगळा वेळ आम्ही त्या सातव्या खोलीबद्दल बोललो, आणि माझ्या मते त्या वसाहतीबद्दलचं सगळ्यात खरं मला त्या दिवशी कळलं. तेव्हा नकाशा काढताना शक्य असेल तर भाऊ, बहीण, जुना शेजारी, कोणीतरी दुसरं जवळ असू द्या. काका-आत्या असतील तर त्यांना बोलवाच. दोन माणसं एकमेकांना खोडून काढतात तिथे आठवण जागी होते.

नकाशा झाला की त्यावर बोट ठेवून विचारायचं. पाण्यापासून सुरुवात करा. नळ किती वाजता यायचा? पहिला नंबर कोणाचा? रात्रीच बादली लावून ठेवली तर ती नंबर म्हणून चालायची का, की माणूसच हवा? एका आजींनी मला सांगितलं, त्यांच्याकडे रिकामी बादली चालत नसे, तळाला तांब्याभर पाणी असलेली चालायची, कारण रिकामी बादली कोणीही पायाने सरकवतं. पोचा पडलेली कळशी कोणाची, कडी तुटलेला हंडा कोणाचा हे अंधारातही ओळखू यायचं. घरात बाळंतीण असेल त्या घराला सव्वा महिना पहिला नंबर, हा नियम. आणि मग हळूच, “तिसऱ्या खोलीतलीने एकदा भाचीच्या बाळंतपणाचं नाव सांगून दोन महिने पाणी भरलं, नंतर कळलं भाची साताऱ्यालाच होती.” त्या इतक्या हसल्या की रेकॉर्डिंगमध्ये पुढचं वाक्य ऐकू येत नाही. ‘शेजारीण कशी होती?’ असं विचारून हे कधीच मिळालं नसतं.

दुसरा हुकमी प्रश्न: संपूर्ण इमारतीत एकच असलेली वस्तू कोणती होती आणि ती कोणाकडे होती? रेडिओ, टेलिफोन, थर्मामीटर, शिलाई मशीन, शिडी, कोळशाची इस्त्री, सोऱ्या, पुढे फ्रिज. प्रत्येक वस्तूमागे एक शिष्टाचार असतो. टेलिफोन असलेल्या घराचा नंबर पाच-सहा घरं आपल्या पत्रांवर पुढे ‘पी. पी.’ (म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलावून घ्या) लिहून देत असत. मग फोन आला की बोलवायला कोणाला पिटाळायचं, ट्रंककॉल असला की वाईट बातमी समजून जिन्यातच कोण रडायला लागायचं, फोनचे पैसे देऊ केले तर घेतले जायचे की अपमान वाटायचा? रेडिओसाठी पोस्टात लायसन्सची फी भरावी लागायची. १९५२ मध्ये आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली, तेव्हा सगळी गल्ली रेडिओ सिलोनकडे वळली आणि बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमालेसाठी एकाच दाराशी गर्दी व्हायची. त्या घरातली मुलं अभ्यास करत होती का, हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. क्रिकेटची बॅट ज्याची, त्याला आउट कसं करायचं हाही एक मोठा राजकीय प्रश्न असे.

उसनवारीबद्दल विचारताना काय दिलं-घेतलं यापेक्षा काय देत नसत ते विचारा. तिन्हीसांजेला मीठ आणि विरजण बऱ्याच घरांतून मिळत नसे. काही घरांतून रॉकेल मिळत नसे, कारण तेही रेशनचं. पैसे उसने कोणाकडे मागायचे आणि ते मागायला कोणाला पाठवायचं, आईला, की मुलाला चिठ्ठी देऊन? चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलाला ती गोष्ट जन्मभर आठवते. इथे मात्र वडील गप्प झाले तर लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. थोडा वेळ जाऊ द्या.

दूध. आरे कॉलनी १९४९ मध्ये उभी राहिली, आणि मग गल्लोगल्ली आरेची केंद्रं आली. पहाटे अंधारात रांग, कार्ड, काचेच्या बाटल्या, वर पातळ पत्र्याचं झाकण. एक मुलगा चार घरांची कार्डं आणि चार घरांच्या रिकाम्या बाटल्या घेऊन जायचा. आता मला सांगा, परतताना बाटली फुटली तर ती कोणाची फुटली? हा प्रश्न मी अनेकांना विचारलाय आणि प्रत्येक इमारतीचं उत्तर वेगळं आहे. कुठे नेणाऱ्याची, कुठे चौघांत वाटून, कुठे ‘पोरगं पडलं ना, लागलं नाही ना’ म्हणून सोडून दिलेली. एका ठिकाणी नेणाऱ्या पोराच्या आईने गुपचूप स्वतःचं दूध दुसऱ्या घराला दिलं आणि त्या दिवशी घरी काळा चहा झाला. ‘एका घरासारखे’ या वाक्याचा अर्थ त्या इमारतीपुरता तरी मला तिथे समजला.

गल्लीचं म्हणाल तर आवाजांवर जा. मुलांना फेरीवाले दिसण्याआधी ऐकू यायचे. पिंजाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार, कल्हईवाल्याचा भाता, पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारीची हाळी, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, धारवाला, पहाटेचा वासुदेव, दुपारी कडकलक्ष्मीचा आसूड. पावसाच्या आधी डोंगराकडच्या बायका करवंदं-जांभळं घेऊन यायच्या. पण फेरीवाल्यांची यादी करून थांबू नका, ही यादी प्रत्येकाच्या लेखात असते आणि वाचणारा ती गाळून पुढे जातो. एकाच फेरीवाल्यावर थांबा. कल्हईवाला बसायचा कुठे, त्याला पाणी कोण द्यायचं, नवसागराचा धूर झाल्यावर मुलं किती जवळ जायची, घासाघीस कोण करायचं, तो बोहारणीशी बोलायचा का. खेळांचंही तसंच. लगोरी, विटीदांडू, डबा ऐसपैस ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. राज्य कायम कोणावर यायचं, ‘कच्चं लिंबू’ कोण होतं, मुलींना कोणत्या वयापासून खाली खेळू देत नसत, हे विचारा.

आणि आता तो भाग, जो तुमच्या तिन्ही बैठकांतून सुटला असणार. शेजारात कोण नव्हतं? कोणाच्या स्वयंपाकघरापर्यंत जाता यायचं आणि कोणाला दारातूनच परत पाठवलं जायचं? संडास साफ करणारा यायचा त्याला पाणी कसं दिलं जायचं, वरून ओतून की पेल्यात? वेगळी कपबशी कुठे ठेवलेली असायची? मुलांना हे फार नीट ठाऊक असतं, कारण एकदा चुकून त्या कपाला हात लागल्यावर काय झालं हे कोणी विसरत नाही. कॅम्पातल्या सिंधी मुलांशी खेळायचे का, त्यांना काय म्हणून चिडवायचे? संपूर्ण दारूबंदी १९५० पासून होती, त्यामुळे खाडीकाठी हातभट्ट्या आणि गल्लीच्या टोकाला एखादं घर असायचंच, जिथे रात्री अनोळखी माणसं यायची. पोलिसाची चाहूल लागली की शिट्टी मारण्याचं काम मुलांनी केलेलं असतं आणि त्याबद्दल चार पैसेही मिळालेले असतात. वडील हसून टाळतील. टाळू द्या, पण पुढच्या बैठकीला परत विचारा. हे सगळं वगळलंत तर तुमच्या हातात गोड लेख राहील, वस्ती राहणार नाही.

हे प्रश्न कोण विचारतंय यावरही उत्तर ठरतं, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मुलाला बाप काही गोष्टी सांगत नाही. नातवंडाला सांगतो. माझ्यासारख्या परक्या बाईला वेगळंच काही सांगतो. घरात कोणी कॉलेजमधली मुलगी-मुलगा असेल तर एक बैठक त्यांच्यावर सोपवा आणि तुम्ही खोलीतच थांबू नका. त्याच वसाहतीतली एखादी वृद्ध स्त्री अजून असेल तर तिच्याकडे जरूर जा. गल्ली मुलांची असली तरी गॅलरी बायकांची होती, आणि वडिलांना गॅलरीतलं अर्धंच ऐकू आलेलं आहे.

आता खरं-खोटं. सनावळीसाठी वडिलांना ‘कोणतं साल?’ असं विचारून काही हाती लागणार नाही. मोठ्या घटनांचा आधार घ्या. पैशांपासून सुरुवात करा: त्या आठवणीत आणे होते की नवे पैसे? दशमान नाणी १ एप्रिल १९५७ला आली, ‘नवे’ हा शब्द १९६४ मध्ये गेला. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे, पण एका आण्याचे सहाच, हा हिशेब मुलांनी आणि वाण्याने दोघांनीही आपापल्या फायद्यासाठी वापरलेला असतो. मग फेब्रुवारी १९६२ची अष्टग्रही, आठ ग्रह एका राशीत आले, आता जगबुडी होणार म्हणून घराघरांत घबराट आणि ठिकठिकाणी यज्ञ. वडील तेव्हा दहा-अकरा वर्षांचे, ही आठवण त्यांच्याकडे असणारच. १९६५च्या सप्टेंबरातला ब्लॅकआउट, काचांना काळा कागद. इथे १९७१चा ब्लॅकआउट त्यात हमखास मिसळतो. तेव्हा विचारा की त्या रात्री अभ्यास बुडाला का. शाळेचा अभ्यास म्हणाले तर ६५, नोकरीवरून चाचपडत घरी आले असं म्हणाले तर ७१.

सगळ्यात उपयोगी पडते ती ११ डिसेंबर १९६७ची पहाट. कोयनेच्या भूकंपाने मुंबईसुद्धा हलली होती आणि लोक होते तसे खाली मैदानात उतरले होते. कोण कशात आलं, कोणी आधी काय उचललं, देवघर की ट्रंक की मूल, सगळे परत वर कधी गेले, मैदानात कोण कोणाशेजारी उभं राहिलं. इमारतीतले सगळे शेजारी एकाच वेळी, एकाच जागी, कपडे-सामान-मान यांच्याशिवाय उभे असलेले दिसतील असा तो क्षण आहे. माझ्याकडच्या कितीतरी पुस्तिकांमधलं सर्वांत जिवंत पान तेच आहे. शेवटी, २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, ती दुसऱ्या टोकाची खूण. पहिला टीव्ही कोणाकडे आला, दाराबाहेर चपला किती, आणि मग ते दार कोणत्या वर्षी लोटलं जाऊ लागलं, हे विचारलं की ‘आता ते राहिलं नाही’ हे नेमकं कधीपासून, याचं उत्तर ते स्वतःच देतील.

जागांच्या नावांबाबत सावध राहा. माणसं जुनी आठवण नव्या नावाने सांगतात. विक्रोळीचे कोणी ‘५८ साली आम्ही कन्नमवार नगरात पतंग उडवायचो’ म्हणाले तर निदान नाव तरी नंतरचं आहे, कारण मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्रीच झाले १९६२च्या नोव्हेंबरात. आठवण खोटी ठरत नाही, फक्त साल किंवा ठिकाण पुन्हा तपासायचं. तसंच रेल्वेचं. मध्य आणि पश्चिम रेल्वे ही नावं १९५१ मध्ये आली, तरी जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं जी. आय. पी. आणि बी. बी. सी. आय.च म्हणत राहिली. ती नावं तशीच ठेवा, दुरुस्त करू नका.

ऐकीव आठवणी हा वेगळा प्रकार. १९५६च्या संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतला गोळीबार ‘मी पाहिला’ असं १९५१ला जन्मलेला माणूस सांगतो तेव्हा तो लबाडी करत नसतो. ती गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली की ती त्याच्या डोळ्यांसमोर घडली. मी अशा वेळी भांडत नाही. ‘तुम्ही तेव्हा कुठे उभे होता?’ एवढंच विचारते. खरी आठवण असेल तर मूल जिथून पाहील ती जागा सांगितली जाते, कोणाच्या तरी धोतराआडून, गॅलरीच्या गजांमधून. ऐकीव असेल तर सगळं दृश्य समोरून दिसतं. हा काही पक्का नियम नाही, पण बऱ्याचदा लागू पडतो. लिहिताना ‘घरात सांगत असत की’ एवढे शब्द आधी घातले की काम भागतं.

कागद शोधा. भाड्याच्या पावत्या, जुनं रेशनकार्ड, शाळेचा दाखला. पण माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचा वार्षिक अहवाल. त्यात वर्गणीदारांची यादी असते, बहुतेक वेळा खोलीच्या नंबरासकट. म्हणजे त्या वर्षी कोणत्या खोलीत कोण राहत होतं हे छापील मिळतं, कोणी किती दिले हेही. कार्यकारिणी, नाटकातली पात्रं, गल्लीतल्या वाण्याची आणि शिंप्याची जाहिरात, धावण्याच्या शर्यतीतला दुसरा नंबर. जुन्या खजिनदाराच्या घरी माळ्यावर गठ्ठा असतो. इमारत रिकामी व्हायच्या आधी तो मागून घ्या, सामान हलवताना पहिला तोच रद्दीत जातो. आणि इमारत उभी आहे तोवर वडिलांना एकदा घेऊन जा. गॅलरीची रुंदी टेपने मोजा. इतक्या अरुंद गॅलरीत गाद्या टाकून किती जण झोपायचे हे ते तिथेच, बोटाने दाखवत सांगतील.

नावांबद्दल. मी असा विचार करते: या शेजाऱ्याचा मुलगा हे वाचेल तेव्हा त्याला काय वाटेल? उपकाराची, गमतीची, कौतुकाची गोष्ट असेल तर नाव घालावं, शक्य तिथे घरच्यांना कळवून. दारू, मारहाण, पळून गेलेली मुलगी, कर्ज, आत्महत्या, यांत नाव नाही, खोलीचा नंबरही नाही, मजलाही बदलते. लक्षात ठेवा, त्या वसाहतीतल्या लोकांना आडनावाची गरज नाही, ‘शिलाई मशीनवाल्या काकू’ एवढ्यावर ते ओळखतात. म्हणून खूणही बदलावी लागते. चावट टोपणनावं होती तशी लिहिण्याचा मोह होतो. व्यंगावरून पडलेली असतील तर मी ती गाळते, वडील कितीही हसून सांगत असले तरी. वडिलांना स्वतःबद्दलचं काही नको असेल तर ते त्यांच्या हयातीत बाहेर जाणार नाही हे आधीच सांगून टाका. त्यानंतर ते जास्त बोलतात.

रेकॉर्डिंगचं फारसं सांगण्यासारखं नाही. जेवणानंतर नको, चार-साडेचारच्या चहानंतर बरं. पाऊण तासाच्या पुढे ताणू नका. पंखा मंद, फोन फ्लाइट मोडवर, टॉवेलच्या घडीवर ठेवलेला, म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत. त्याच दिवशी फाइलला तारीख आणि विषय देऊन दोन ठिकाणी ठेवा. उतरवताना त्यांची भाषा सुधारू नका. ‘बंबाखाना’, ‘फलाट’, ‘इस्टो’ हे त्यांचे शब्द आहेत.

ते ठरावीक तीन किस्से पुन्हा सुरू झाले तर थांबवू नका, पूर्ण होऊ द्या. मग त्यातल्या एका दुय्यम माणसाबद्दल विचारा, जो किश्शात नुसता दार उघडून बघतो आणि निघून जातो. तो कोण, काय करायचा, त्याच्या घरात पाणी कोण भरायचं.

पुस्तिका झाली की मोजक्याच प्रती काढा आणि पांगलेल्या शेजाऱ्यांना पाठवा. मागे चार-पाच पानं कोरी सोडून वर लिहा, ‘यात काय चुकलं ते इथे लिहून परत पाठवा’. लोक लिहितात, आणि तावातावाने लिहितात. दुसऱ्या आवृत्तीचा निम्मा मजकूर तिथूनच येतो.